पेठ रस्त्याने

वापीच्या सरकारी दवाखान्यात
गुजराती फॉर्मवर नात्याचा एक रकाना होता.
मी मराठीत लिहिलं: बहीण.
कारकुनाने ते खोडलं नाही.
शेवटचं कधी भेटलात, एवढंच विचारलं.
एकवीस, मी म्हटलं.
दिवस? तो म्हणाला.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मी कागद मोजते.
एक ताव कमी भरला
तर हिशोब जुळेपर्यंत कुणालाच घरी सोडत नाहीत.
बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावरून
गेट कधी अडलं नाही.
हे मी ड्रायव्हरला का सांगत बसले
देव जाणे.

नरोत्तम त्याचं नाव. मागची सीटं काढलेली त्याची व्हॅन.
कपराड्याला चहावाल्याने विचारलं,
आत अजून कुणी आहे?
भाऊ आहे, मी म्हटलं. झोपलाय.
त्याने तिसरा ग्लास भरला.
तो आम्ही दोघांनी अर्धा अर्धा प्यायलो.

सावळघाटात प्रत्येक वळणाला पेटी सरकायची.
चपला काढून
मी तिला पाय लावून बसले.
राग मानू नकोस, ओबू.
पेटी म्हणजे आपल्याकडे चर्चमधली पायपेटी.
तुझे पाय पोचायचे नाहीत
म्हणून मी खाली बसून हाताने भाता दाबायची,
वर तू वाजवायचास,
आणि लोक म्हणायचे, मास्तरांचा पोरगा
काय वाजवतो!

दादांनी तुला घराबाहेर काढलं
हे शरणपुरात सगळ्यांना ठाऊक आहे.
कारणाचे तीन प्रकार सांगतात,
तिन्हींत थोडं थोडं खरं आहे.
कडी कुणी लावली हे कुणी सांगत नाही.
दादांचे हात थरथरत होते,
त्यांना ती सापडेना.
मी लावली.

शलू, माझ्या चपला तरी दे,
तू बाहेरून म्हणालास.
खिडकीतून दिल्या का मी?
खरंच आठवत नाही.
कधी आठवतं, दिल्या.
कधी त्या पावसाळाभर दाराआड पडून राहिलेल्या
दिसतात.

कबरस्थानात नवी जागा उरली नाही.
जुनी उघडायची, तीही चौदा वर्षं झालेली.
लोंढे सरांनी रजिस्टर चाळलं,
आईची होत नाही, सहाच झाली.
मास्तरांची होईल, म्हणाले,
आणि चष्मा पुसत राहिले.
या माणसाच्या मातीलाही येणार नाही,
असं तू मंडळीसमोर बोलून गेला होतास.
आला नव्हतासही.
दुसरा उपाय नव्हता.
का होता? गंगापूर रोडला कुणाला विचारता आलं असतं,
देवळालीला.
मी सही केली.

दुपारी बाळू झनकरने खणलं.
दादा फार उरले नव्हते.
नव्या मांजरपाटात बांधले त्याने,
आणि म्हणाला, हे पायाशी ठेवायचं, रीत आहे.
कुणाच्या पायाशी?
आता येतील त्यांच्या, तो म्हणाला.

पाळकांनी वाचलं. पेटी उतरली.
दोर वर आले,
आणि बाळूने गाठोडं खाली सोडलं, अगदी जपून.
जन्मात कुणापुढे न वाकलेला माणूस
मुलाच्या पायाशी, सुती गाठ मारलेला.
मला हसू आलं, ओबू.
लोंढेबाईंना वाटलं मी रडतेय,
त्यांनी पाठीवर हात ठेवला.
मी तो राहू दिला.
आता भांडा दोघं,
मध्ये मी नाही.
मग मूठ सोडली. काळी, चिकट माती,
अर्धी नखांतच राहिली.

रात्री नरोत्तमचा फोन आला.
बेन, पहोंची गयो.
आणि तुमच्या चपला गाडीत राहिल्यात.
मी खाली पाहिलं.
चर्चमध्ये, कबरीवर, रिक्षात, जिन्यात,
दिवसभर मी तशीच होते.
कुणी म्हटलं नाही.
फरशी गार होती.
राहू देत, मी म्हणणार होते.
म्हटलं,
नको, पाठवून दे.